ऑइलमधल्या पाच कपच्या

इंजिन १५० सीसीचं, एका सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं. क्लच तेलात बुडालेला, ऑइल सुमारे एक लिटर, कागदी फिल्टर आणि पंपाच्या तोंडाशी तारेची जाळी. रनिंग ४६,००० किमी. ऑइल बदलायला घेतलं ते ठरलेल्या अंतराला, कुठलीही तक्रार नसताना. इंजिन चार मिनिटं चालवून कोमट केलं, मेन स्टँडवर घेतलं, ट्रे लावून ड्रेन बोल्ट काढला. पहिल्या धारेबरोबर नखाएवढी एक काळपट कपची ट्रेमध्ये पडली. गाडी हळूच दोन्ही बाजूंना कलती केली तेव्हा आणखी दोन आल्या, आणि धार थेंबांवर आल्यावर तळाशी रुपेरी चमक दिसू लागली.

अशा वेळी सगळ्यात मोठी चूक म्हणजे ट्रे डब्यात रिकामा करून, नवं ऑइल भरून इंजिन सुरू करणं आणि ‘आवाज येतोय का’ ते ऐकत बसणं. सुरू केलेलं इंजिन उरलेले तुकडे जागचे हलवतं. ते जाळीकडे तरी ओढले जातात, नाहीतर साखळी आणि दातांच्या चक्रात तरी सापडतात. शिवाय तुकडा जिथे पडला होता ती जागाही पुरावाच असते, तीही पुसली जाते. म्हणून मी चावी काढून ठेवली आणि ट्रेमधलं सगळं ऑइल जसंच्या तसं राखलं.

त्याआधी एक शंका मिटवावी लागते: ही घाण खरंच इंजिनातून आली का? ड्रेन बोल्टच्या भोवती बाहेर चिकटलेली माती आणि रंगाचा पोपडा बोल्ट फिरवताना ट्रेमध्ये पडतो. ट्रे आणि फनेल आधीचं खरकटं घेऊनच येतात. बोल्टखालचा ॲल्युमिनियमचा वॉशर दाबून दाबून पातळ झाला की त्याच्या कडेची कात सुटते. ड्रेन बोल्टचे आटे खराब होत असतील तर केसमधून ॲल्युमिनियमचा स्प्रिंगसारखा वळलेला तुकडा निघतो. त्याचा वेढा बोल्टच्या आट्यांशी जुळतो, त्यामुळे तो लगेच ओळखू येतो. इथे बोल्ट काढण्याआधी केस ब्रशने धुतली होती, ट्रे पुसलेला होता, आटे धडधाकट होते. कपच्या आतल्याच होत्या.

ऑइल जुन्या धुतलेल्या मलमलीतून गाळलं. टॉवेलसारखं कापड नको, त्याचे धागे सुटतात आणि नंतर तेच भिंगाखाली फसवतात. कापडावर उरलेलं सगळं एका पांढऱ्या बशीत घेऊन रॉकेलने दोनदा धुतलं. ऑइल अंगावर असेपर्यंत प्लास्टिक, रबर, कार्बन आणि धातू सगळेच सारखे काळे दिसतात, त्यामुळे धुतल्याशिवाय कशालाही नाव द्यायचं नाही. हे काम उघड्यावर, नायट्राइलचे हातमोजे घालून. वापरलेलं ऑइल कातडीला चांगलं नसतं.

मग चुंबक. तो उघडा वापरला तर बारीक कीस त्याला असा चिकटतो की पुन्हा सोडवता येत नाही. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून फिरवायचा आणि कोऱ्या कागदावर नेऊन पिशवीतून चुंबक बाहेर ओढायचा. पिशवीला चिकटलेलं सगळं कागदावर गळून पडतं. ड्रेन बोल्टच्या टोकालाही चुंबक होता. त्यावरची राखाडी मऊ पेस्ट बोटांत चोळली. खर लागली नाही. गिअरचे दात एकमेकांवर आणि क्लचच्या स्टील प्लेटा फ्रिक्शन प्लेटांवर घासून अशी पेस्ट प्रत्येक इंजिनात तयार होते, आणि तिच्यासाठीच तो चुंबक तिथे असतो. या पेस्टला घाबरायचं कारण नाही. बोटांत टोचणारे कण, सुईसारखी तुसं किंवा डोळ्यांना सुटा दिसणारा तुकडा असेल तर गोष्ट वेगळी. इथे चुंबकाला पेस्टपलीकडे काही लागलं नाही. पोलादाचे गिअर, बेअरिंगच्या गोळ्या, सर्क्लिप (शाफ्टवर गिअर जागी धरणारी कडी) हे सगळे संशयित एका फटक्यात बरेच मागे गेले.

पोलादाचा तुकडा निघाला असता तर त्याची पाठ-पोट पाहावी लागली असती. बेअरिंगच्या धावपट्टीचा पापुद्रा एका बाजूने आरशासारखा आणि दुसऱ्या बाजूने राखाडी, दाणेदार असतो. धातू थकून सुटल्याची ती खूण. गिअरच्या डॉगचा (शेजारच्या गिअरमध्ये अडकणाऱ्या खुंटीचा) कोपरा तुटला तर तुकड्याची एक कड झिजून गोल झालेली आणि दुसरी ताजी, धारदार असते, आणि गाडी बहुधा आधीपासून गिअर सोडत असते. सर्क्लिप चौकोनी कापाच्या कमानीसारखी दिसते. नीडल बेअरिंगचा रोलर इतका नितळ दंडगोल असतो की तो दुसरं काही असूच शकत नाही. तुकड्यावर निळसर झाक असेल तर तिथे तेल पोचत नव्हतं आणि धातू तापला होता. तुकडे किती निघाले हे लोक आधी विचारतात. मी आधी त्यांचे काठ पाहतो, कारण तुटलेला काठ आणि घासलेला काठ मिळूनच सांगतात की तुकडा कुठे बसला होता आणि कशाने सुटला.

बशीत आता दोन गोष्टी उरल्या होत्या: तीन काळपट-तपकिरी कपच्या, आणि चुंबकाला न लागणारी रुपेरी चमक.

कपच्या आधी घेतल्या. दहापट भिंगाखाली सगळ्यात मोठी नऊ मिलिमीटर लांब भरली. क्लचच्या फ्रिक्शन प्लेटचं अस्तर बुचासारखं, तंतुमय असतं आणि नखाने भुगा होतं; ही टणक होती. कार्बनची खपली चिमट्याने दाबली की फुटून काळी पूड होते; ही फुटली नाही. पॅकिंगचा कागद भिजून लिबलिबीत होतो, तेही नाही. चिमट्यात कडेची लहानशी तूस धरून तापलेली सुई टेकवली, तर ती वितळली आणि सुई मागे घेताना बारीक धागा ओढला गेला. नायलॉन असं करतो. सिलिकॉन वितळत नाही, जाळलं तर पांढरी राख ठेवतं, आणि रबर धूर करून चिकट काळं होतं. ही चाचणी रॉकेलची बशी दूर ठेवून, कोरड्या जागी करायची, हे सांगायला नको.

इंजिनात नायलॉनच्या जातीचं प्लास्टिक मोजक्याच ठिकाणी असतं: टायमिंग चेनचे (व्हॉल्व्ह उघडणारा कॅम क्रँकवरून फिरवणाऱ्या साखळीचे) गाईड, म्हणजे तिला वाटेत धरणाऱ्या पट्ट्या, काही इंजिनांत ऑइल पंपाचा गिअर, काही बेअरिंगांचे पिंजरे, आणि ऑइल भरण्याचं टोपण. पिंजऱ्याच्या तुकड्यावर गोळी बसण्याची वाटीसारखी खोलगट जागा दिसते आणि गिअरच्या तुकड्यावर दाताचा उतार. आमच्या मोठ्या कपचीची एक बाजू किंचित बाक असलेली, गुळगुळीत होती. त्या बाजूने दोन समांतर चऱ्या गेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये उंचवटा होता. व्हर्नियरने मोजला तर जवळजवळ तीन मिलिमीटर. या इंजिनाची टायमिंग चेन ६.३५ मिमी पिचची आहे आणि तिच्या आतल्या पट्ट्यांमधलं अंतर ३.१८ मिमी. साखळीच्या दोन बाजूंच्या पट्ट्या गाईडमध्ये रुतत जातात आणि मधली जागा उंच राहते. उंचवट्याचं माप साखळीच्या मापाशी बसलं. ज्या इंजिनात पंपाला किंवा स्टार्टरला वेगळी साखळी असते, तिथे तर नुसतं ‘चेन गाईड दिसतंय’ म्हणून भागत नाही. कोणत्या साखळीचं, हे या मापावरूनच ठरतं.

आता चमक. चुंबकाला न लागणारी रुपेरी धातू इंजिनात ॲल्युमिनियमची असू शकते किंवा बेअरिंगच्या वाट्यांवरच्या मऊ थराची. शिशाचा मऊ थर सुईने दाबला की पसरतो आणि कागदावर घासला तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. आमच्या कणांनी रेघ ओढली नाही. थोडे कण काचेच्या बशीत घेऊन त्यांवर कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचे दोन थेंब टाकले, तर बारीक बुडबुडे सुटू लागले. ॲल्युमिनियम असंच वागतं आणि बुडबुडे हायड्रोजनचे असतात. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे असतील तरच हे करावं, आणि उरलेल्या तुकड्यांपासून दूर. सगळा पुरावा एकाच चाचणीत विरघळवायचा नसतो.

पण ॲल्युमिनियम इंजिनात सगळीकडे असतं. पिस्टनचा घागरा (खालचा भाग) घासला तर पातळ, चपटे, घोटलेले खवले निघतात. क्लच हाऊसिंगच्या बोटांवर प्लेटा आपटून खाचा पडतात, त्यांचा करडा बारीक भुगा होतो. हेडमध्ये कॅम थेट ॲल्युमिनियमवर फिरत असेल आणि तेल कमी पडलं, तर ऑइल रुपेरी रंगासारखं झळाळतं आणि सुटा कण दिसतही नाही. आमचे कण यांतल्या कशासारखे नव्हते. ते कानशीने काढलेल्या किसासारखे लांबट होते आणि काहींचं टोक वळलेलं होतं. कशाने तरी ॲल्युमिनियम कापलं होतं. प्लास्टिकच्या चऱ्या आणि कापलेला कीस एकत्र ठेवले की चित्र तयार होतं: साखळी ढिली आहे, गाईड फुटलंय आणि त्या जागी साखळी आता ती ज्यातून वर जाते त्या बोगद्याच्या भिंतीला लागतेय.

तांबूस कण एकही नव्हता. असता तर कनेक्टिंग रॉडच्या वरच्या टोकातला बुश किंवा गिअरखालचे बुश तपासावे लागले असते आणि काम खाली क्रँकपर्यंत गेलं असतं. ऑइल दुधाळही नव्हतं, म्हणजे पाण्याचा प्रश्न नव्हता.

पुढे फिल्टर. त्याचा कागद टोकाच्या पत्र्यापाशी ब्लेडने कापला, घड्या उलगडल्या, दोन लाकडी पट्ट्यांमध्ये शिकंज्यात दाबून ऑइल काढलं आणि कागद उन्हात आडवा धरला. डब्यासारखा स्क्रूचा फिल्टर असेल तर हॅकसॉने कापू नये. करवतीचा स्वतःचाच कीस घड्यांत जाऊन बसतो आणि मग इंजिनावर नसलेला आळ येतो. त्यासाठी पाइप कटरसारखं चाकाचं कटर मिळतं. कागदावर तुरळक चमक होती, प्लास्टिक अजिबात नाही. हे बरोबरच होतं. तेल आधी जाळीतून पंपात आणि पंपातून फिल्टरकडे जातं, म्हणजे मोठी कपची फिल्टरपर्यंत पोचूच शकत नाही. फिल्टर स्वच्छ निघाला म्हणून निर्धास्त होणारे इथे फसतात. कपच्यांचा हिशेब जाळीपाशी लागतो. ज्या लहान इंजिनांत कागदी फिल्टरच नसतो आणि क्रँकच्या टोकाला फिरतं फिल्टर असतं, तिथे त्याचं झाकण काढून आतल्या कडेचा गाळ पाहावा. जड धातू तिथेच जमतो.

ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा का, असा प्रश्न या टप्प्यावर येतो. नेहमीची स्पेक्ट्रोमीटरची चाचणी फक्त काही मायक्रॉनचे, अगदी सूक्ष्म कण मोजते. डोळ्यांना दिसणारा तुकडा तिच्या आकड्यात येतच नाही. हळूहळू वाढणारी झीज ओळखायला ती उत्तम, पण तुकडे हातात असताना भिंगच जास्त सांगतं.

न उघडता करण्यासारखी एक तपासणी बाकी होती. क्रँकच्या टोकावरच्या मॅग्नेटच्या चाकावरची टी-खूण (पिस्टन सर्वांत वर असल्याची) केसच्या खाचेशी आणली आणि दोन्ही टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) ढिले आहेत ना ते पाहिलं, म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आहे याची खात्री झाली. मग सिलिंडरच्या मागचा, साखळी ताणून धरणारा टेन्शनर दोन बोल्ट काढून बाहेर घेतला. टेन्शनर बाहेर असताना क्रँक इंचभरही फिरवायचा नाही. साखळी दात सोडते. टेन्शनरच्या पाठीतला स्क्रू फिरवून दांडा पूर्ण आत घेतला आणि सोडला. चांगला दांडा एका झटक्यात पूर्ण बाहेर येतो. हा अर्ध्यावर येऊन थांबला, ढोसल्यावर थोडा सरकला, पुन्हा थांबला. साखळीच्या पिना आणि बुश झिजून ती लांबते. टेन्शनरने तेवढं पुढे सरकून ती ढील खायची असते. हा अडकून बसला होता. थ्रॉटल बंद केल्यावर साखळीवरचा ताण उलटतो, आणि ढिली साखळी दर वेळी गाईडवर चाबकासारखी बसते.

आता उघडायचं. मी आधी उजवं कव्हर काढलं, कारण जाळी तिथे, क्लचच्या खाली असते. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्याच जागी भोकं पाडून बोल्ट खोचून ठेवले. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर केस फुटते. पॅकिंग खरवडताना आतल्या तोंडावर कापड कोंबून ठेवलं. आपणच नवा कचरा आत टाकायचा नसतो.

जाळी बाहेर ओढली तर तिचा तिसरा हिस्सा बुजलेला होता. त्यात आणखी दोन कपच्या होत्या आणि त्यांना गुंतलेले राखाडी सिलिकॉनचे लांब दोरे. आधी कधीतरी कव्हर बसवताना कुणीतरी पॅकिंगवर सिलिकॉन थापलं होतं. बाहेरच्या कडेला जेवढं सिलिकॉन दाबून निघतं तेवढंच आतही निघतं, आणि आतलं सुटून थेट जाळीवर येतं. जिथे कंपनी कागदी पॅकिंग देते तिथे ते कोरडं बसवावं. हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत गंभीर वाटलं. नायलॉनची कपची बेअरिंगपर्यंत जात नाही, पण जाळी बंद झाली की तेलच जात नाही, आणि पहिला बळी हेडमधला कॅम असतो. पंप उघडला. रोटरच्या टोकांमधली फट फीलर गेजने मोजली, ०.१५ मिमी. अशा पंपांत ०.२० च्या पुढे गेला की तो बदलतात. चरे नव्हते, तो वाचला. क्लच हाऊसिंगच्या बोटांवर खाचाही नव्हत्या, म्हणजे तो संशयही मिटला.

मग हेड. कॅमचं चक्र सोडण्याआधी साखळी तारेने फ्रेमला बांधली, नाहीतर ती खाली क्रँकपाशी पडते आणि ती वर आणण्यात तास जातो. या रचनेत पुढचं गाईड हेड निघाल्यावरच वर उचलता येतं. उचललं तर त्याचं वरचं टोक गायब होतं, आणि त्याच उंचीवर बोगद्याच्या भिंतीत दोन ताज्या, चकचकीत रेघा होत्या. खोली नखाला जेमतेम लागेल एवढी. भिंत शाबूत होती, ब्लॉक बदलायची गरज नव्हती. रेघांच्या कडेचे उभे राहिलेले काटे बोगदा कापडाने बंद करून बारीक पॉलिश पेपरने काढले.

आता कपच्यांचा हिशेब. नवं गाईड शेजारी ठेवून जुन्याच्या तुटलेल्या टोकावर पाचही कपच्या जुळवल्या. काठाला काठ लावतच जावं लागतं. वजन करून हा हिशेब लागत नाही, कारण जुनं गाईड झिजून आधीच हलकं झालेलं असतं. पाच जुळल्या आणि वरच्या कोपऱ्यात तांदळाएवढी जागा रिकामी राहिली. ती मिळेपर्यंत काहीच बसवायचं नाही असं ठरवलं. टेन्शनर ज्या मागच्या गाईडला दाबतो त्याचा खिळा मॅग्नेटच्या मागे असल्याने ते चाक पुलरने काढायचंच होतं. काढलं, आणि क्रँकच्या लहान चक्राखालच्या कोनाड्यात, गाळात चिकटलेला तुकडा सापडला. साखळी आणि चक्राच्या दातांत तो गेला असता तर साखळीने दात सोडला असता आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळला असता.

साखळी, दोन्ही गाईड आणि टेन्शनर एकदमच नवे घेतले. नुसतं गाईड बदललं तर लांबलेली साखळी आणि अडकणारा टेन्शनर नव्या गाईडचंही तेच करतात. बसवण्याआधी बोगद्यातून अर्धा लिटर योग्य ग्रेडचं ताजं ऑइल सावकाश ओतलं, खाली ड्रेन उघडा ठेवून. इंजिनात रॉकेल भरून ते चालवण्याची पद्धत मी वापरत नाही. ते क्लच प्लेटांत आणि कोपऱ्यांत राहतं आणि नव्या ऑइलची पातळ फिल्म मोडतं. पुढच्या गाईडचं खालचं टोक केसमधल्या खाचेत आणि वरचे कान ब्लॉकच्या खोबणीत बसलेत, हे टॉर्चने दोनदा पाहिलं. कान खोबणीबाहेर राहून हेड आवळलं गेलं तर गाईड पहिल्याच दिवशी चिरतं. हेडचे नट तिरप्या क्रमाने, तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर. टेन्शनर दांडा आत घेऊन बसवला आणि नंतर सोडला. मग क्रँक हाताने चालीच्या दिशेने चार फेरे फिरवून टी-खूण आणि कॅमच्या चक्रावरच्या रेघा पुन्हा जुळतात का ते पाहिलं. जुळल्या.

स्पार्क प्लग काढून, हेडमधल्या टॅपेटच्या झाकणातून तेल दिसेपर्यंत किका मारल्या. त्यानंतरच प्लग लावून इंजिन सुरू केलं, दोन मिनिटं आयडलवर.

पहिलं ऑइल ५० किमीवर काढलं, त्याच ट्रेमध्ये, त्याच मलमलीतून. थोडी ॲल्युमिनियमची चमक होती, रेघांच्या कडेची उरलीसुरली, प्लास्टिक नाही. फिल्टर पुन्हा नवा. दुसरं ५०० किमीवर. चमक शोधायला भिंग लागलं, आणि चुंबकावर पेस्ट, मऊ. या वेळी उजवं कव्हर पुन्हा उघडून जाळी पाहिली. तिच्यावर सिलिकॉनचा एकच आखूड धागा होता. तिसरं १,५०० किमीवर, आणि कापडावर पेस्टशिवाय काही उरलं नाही. प्रत्येक वेळचा कापडाचा तुकडा तारीख आणि किलोमीटर लिहून छोट्या पाकिटात ठेवलाय, सहा कपच्यांच्या पाकिटाशेजारी: पाच ऑइलमधल्या आणि एक कोनाड्यातली.